तेरा ठिपके

एकोडी हे नाव ब्रेलमध्ये लिहायला 13 ठिपके लागतात. ‘ए’चे दोन, ‘क’चे दोन, ‘ओ’चे तीन, ‘ड’चे चार आणि ‘ई’चे दोन. ब्रेलमध्ये काना-मात्रा-वेलांटी अक्षराच्या डोक्यावर किंवा पोटाखाली बसत नाही, अक्षरामागून स्वतःचं वेगळं घर घेऊन चालते. म्हणून आपलं तीन अक्षरांचं गाव तिथं पाच घरांचं होतं. हे मला बाईनं शिकवलं, 1968च्या उन्हाळ्यात, सपरीत, म्हणजे ओसरीत, बसून. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. ती शाळेतून पहिल्यांदाच सुटीला आली होती आणि मी सात वर्षांचा होतो.

जाड कागद पाटीच्या दोन पट्ट्यांमध्ये अडकवायचा, टोचणी मुठीत धरायची आणि उजवीकडून डावीकडे टोचत जायचं. कागदाच्या पाठीवर टोचायचं, म्हणून सगळं उलटं. मग कागद काढून पालथा केला की ठिपके वर येतात आणि डावीकडून उजवीकडे वाचता येतात. टक, टक, टक असा तो आवाज. आमच्या घरात तोवर असा आवाज सुपारी फोडतानाच व्हायचा. आजी दुरून म्हणाली, ‘पोरगी कागदाला भोकं पाडून ऱ्हायली.’ बाईनं कागद पालथा केला, माझं बोट धरलं आणि त्या भोकांवरून फिरवलं. माझ्या बोटाला काहीच कळलं नाही. ती हसली. मला डोळे होते म्हणून बोट मुकं होतं, हे तेव्हा समजलं नाही.

बाई जन्मतः आंधळी नव्हती. 1962 साली तिला गोवर निघाला, ताप उतरला आणि डोळ्यांत फूल पडलं. आमच्याकडं असंच म्हणतात, फूल पडलं. बुबुळावर पांढरा डाग चढतो आणि मागचं जग झाकून टाकतो. अंगात अ जीवनसत्त्व कमी असलं की गोवरात डोळे जातात, हे मी पुढं कितीतरी वर्षांनी वाचलं. वाचलं त्या दिवशी मला आमच्या परसातलं पपईचं झाड आठवलं. फळांनी लगडलेलं असायचं. पण पपई उष्ण, तापातल्या लेकराला द्यायची नाही, म्हणून आजारपणात बाईला कुणी दिली नव्हती. मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा सरकारी कार्यक्रम 1970ला सुरू झाला. गोवरची लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात 1985ला आली. बाईचे डोळे त्याआधीच गेले होते.

मायचा प्रश्न वेगळाच होता. ती चुलीपुढं बसून स्वतःशीच विचारायची, ‘कोनाच्या पापाचा फर होय हा?’ आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही, ‘ण’ही नाही. फळाचा फर होतो, डोळ्याचा डोरा होतो. मायच्या प्रश्नाला घरात उत्तर नव्हतं. गावात होतं, आणि ते फार वाईट होतं. कुणी मागच्या जन्माचं काढायचं, कुणी आजोबांनी तोडलेल्या पिंपळाचं.

गावच्या शाळेनं बाईला हाकललं नाही, हे कृतज्ञतेनं सांगितलं पाहिजे. गुरुजी म्हणाले, ‘बसू द्या तिला.’ ती दाराशी बसायची. अडीचकीपर्यंत पाढे तिला तोंडपाठ होते आणि दुसरीतली पोरं अडली की दाराकडं बघायची. पण हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. गुरुजी नावं पुकारायचे, सगळे ‘हजर’ म्हणायचे आणि तिचं नाव कधी येत नसे. ती वाट बघायची, असं तिनं मला फार नंतर सांगितलं. घरी ती तांदूळ निवडायची. खडा तिच्या बोटाखालून सुटत नसे. लग्नकार्य असलं की शेजारपाजारचे तांदूळ आमच्याच सपरीत यायचे. धानाच्या मुलखातल्या आंधळ्या पोरीचं भविष्य म्हणजे एवढंच होतं, एक सूप.

1966च्या हिवाळ्यात एक सिस्टर आल्या. मिशनच्या दवाखान्याच्या गाडीबरोबर खेडोपाडी फिरायच्या. मूळच्या केरळच्या. त्यांचं मराठी पुस्तकातलं आणि हेल दक्षिणेकडचा, त्यामुळं आम्हा पोरांना त्या बोलायला लागल्या की मजा वाटायची. सपरीत बसून त्यांनी बाईचे डोळे पाहिले, हातही पाहिले. मायनं त्यांनाही तोच प्रश्न विचारला. सिस्टरनी गोष्ट सांगितली. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात आहे ती. वाटेवर जन्मांध माणूस दिसतो. शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू सांगतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही.

माय त्या दिवशी रडली. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला सांगितलं होतं की तुझा यात दोष नाही. सांगणारी परक्या धर्माची, परक्या मुलखाची. पण सांगितलं तिनंच. माझ्या लेखी मिशनचं सगळ्यांत मोठं देणं हे. शाळा, ब्रेल, वेताच्या खुर्च्या विणणं, हार्मोनियम हे सगळं त्यानंतरचं.

सिस्टर म्हणाल्या, बाईला मिशनच्या अंधशाळेत घाला. आजोबा मात्र म्हणाले, बाटवतील. बाबांनी एका मोठ्या गावातल्या बिगरमिशनरी शाळेत विचारून पाहिलं. जागा नव्हती. शेवटी 1967च्या जूनमध्ये, रोवणीच्या आधी, बाबा आणि मी तिला घेऊन निघालो. एस.टी.नं गोंदिया, तिथून रात्रीची गाडी. शाळेचं नाव मी इथं लिहीत नाही. पुढं काही तक्रारीचं लिहायचं आहे आणि त्या शाळेनं माझ्या बहिणीला माणूस म्हणून उभं केलं आहे. कार्यालयात बाबांपुढं एक कागद आला. राज्यघटनेच्या 28व्या कलमानं सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं असेल तर त्याची, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची, संमती लागते. बाबा चौथी शिकलेले. त्यांनी कागद दोनदा वाचला, बाईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सही केली. बाईला कुणी काही विचारलं नाही.

तिथं काय होतं हे मला तिच्या सांगण्यातून माहीत आहे. पहिलं अक्षर ‘क’. एक आणि तीन नंबरचे डॉट. सिस्टर तिच्यामागं बसायच्या, तिच्या हातावर हात ठेवून टोचणी टोचायच्या. एक आठवडा फक्त ‘क’. दुसऱ्या आठवड्यातही ‘क’. कुणी घड्याळ बघत नव्हतं. शिकवणारीला संध्याकाळी घरी जायचं नसे. तिचं घर तेच, जेवणाचा बाकही तोच. रात्री एखादी पोर रडायला लागली तर दिवसा शिकवणारीच उठून यायची. व्रत घेतलेल्या माणसाकडं जो वेळ असतो तो पगारी माणसाकडं नसतो, आणि यात पगारी माणसाचा दोष नाही. त्याला स्वतःची लेकरं असतात.

ही परंपरा जुनी होती. 1887 साली अ‍ॅनी शार्प यांनी अमृतसरला अंधांची शाळा काढली, ती भारतातली पहिली मानतात. नंतर ती डेहराडूनला गेली. मुंबईत 1900 साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांना शिकवायला सुरुवात केली. दादरची अंधशाळा ती हीच. धर्मप्रसाराशी संबंध नसलेली ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा 1902ची. पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते केडगावचं मुक्ती मिशन. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी, निराधार मुली गोळा करून घेऊन गेल्या. आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकली आणि मुक्ती मिशनमध्ये तिनं अंध मुलींना शिकवलं. त्यांच्या निवासाला नाव दिलं बार्तिमी सदन. बार्तिमय हा मार्काच्या शुभवर्तमानातला आंधळा भिकारी. तो रस्त्याकडेला ओरडत असतो, लोक त्याला गप्प बस म्हणतात. येशू थांबतो आणि त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं?

समोरचा आंधळा आहे हे उघड दिसतंय, तरी विचारलं. मी ख्रिस्ती नाही, पण ही गोष्ट कळल्यापासून मी ती विसरलेलो नाही. कारण बाईला हे कुणीच विचारलं नव्हतं. आमच्या घरानं नाही, गावानं नाही, आणि ही गोष्ट रोज शिकवणाऱ्या शाळेनंही नाही.

आता तक्रार. शाळेत गेल्यावर तिला नवं नाव मिळालं. संत लूसी ही अंधांची कैवारी मानली जाते, तिचं. बाप्तिस्मा वगैरे काही नाही, आजोबांची भीती खरी झाली नाही. पण हाक मारायला सोपं म्हणून नाव बदललं, आणि नऊ वर्षांच्या मुलीला वाटलं की आपलं घरचं नाव चुकीचं होतं. दुसरं, तिची बोली गेली. ब्रेलमध्ये ‘ळ’ असतो. चार, पाच, सहा. ‘ण’ असतो. तीन, चार, पाच, सहा. घरी कधी न उच्चारलेल्या या दोन अक्षरांसाठी तिला उभं केलं गेलं. ‘डोरा’ नाही, ‘डोळा’. आंधळ्या मुलीला हा शब्द परत परत म्हणायला लावायचा. उन्हाळ्यात घरी यायची तेव्हा ती शुद्ध बोलायची आणि माय तिच्याशी पाहुणीशी बोलावं तसं बोलायची. तिसरं, दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा. गावात दंडारीचा खेळ उभा राहायचा, ढोलकी अख्खी रात्र वाजायची. तिला ते आवाज जिवापाड आवडायचे. ती मंडई तिनं 1966 नंतर पुन्हा ऐकली ती निवृत्त झाल्यावर.

पत्रं यायची, ब्रेलमध्ये. ब्रेल मजकुराला टपालखर्च लागत नाही, म्हणून ती भरपूर लिहायची. वाचणार कोण? सोबत तिनं अक्षरांचा तक्ता पाठवला होता, तो समोर ठेवून मी डोळ्यांनी ठिपके लावायचो आणि मायला वाचून दाखवायचो. आंधळ्या बहिणीची लिपी मी डोळ्यांनी वाचतो, याची मला आजही कुठंतरी खंत आहे.

बाई 1976ला लेखनिक घेऊन मॅट्रिक झाली, पुढं त्याच शाळेत शिकवायला लागली. दिल्लीत आणि मुंबईत या काळात बरंच काही हललं होतं. 1966च्या कोठारी आयोगानं अपंग मुलांना जमेल तिथं साध्या शाळेत आणा म्हणून सांगितलं. 1974ला एकात्म शिक्षणाची केंद्र योजना आली. 1995ला अपंग व्यक्तींचा कायदा झाला, त्यात सात प्रकार होते. आमच्या विदर्भातच बाबा आमट्यांनी आनंदवनात कुष्ठरुग्णांबरोबर अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा उभ्या केल्या. तिथं वेळ व्रतस्थांचाच होता, पण देवाच्या नावावर मागितलेला नव्हता. मधल्या काळात बाईचं नाव बदलत गेलं. आंधळी होती ती अंध झाली, अपंग झाली, दृष्टिहीन झाली, आता दिव्यांग आहे.

2016 साली ती निवृत्त होऊन एकोडीला परत आली. त्याच वर्षी माझ्या पुतण्याला मुलगी झाली. सातव्या महिन्यात. सव्वा किलो वजन. दीड महिना काचपेटीत ठेवली आणि वाचली. इतक्या लवकर जन्मलेल्या मुलांचे डोळे पहिल्या महिनाभरात तपासावे लागतात, कारण डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात आणि त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा सुटू शकतो. वेळेत लेसर केलं तर पुष्कळदा दृष्टी वाचते. तो दवाखाना कुठला हे सांगायचं नाही. कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पाच महिन्यांनी कळलं तेव्हा उशीर झाला होता. बाईच्या वेळी लस नव्हती, डोस नव्हता. या पोरीच्या वेळी सगळं होतं, फक्त एक वाक्य कुणी बोललं नाही.

सूनबाई शिकलेली आहे, बारावी. तरी तिनं एका रात्री बाईला विचारलंच, ‘बाईआत्या, माझ्याकडून काय चुकलं?’ पन्नासएक वर्षांत प्रश्नातलं पाप गेलं, तरी प्रश्न गेला नाही. बाईनं तिला योहानाची गोष्ट सांगितली नाही. डॉक्टरांच्या कागदावर जे लिहिलं होतं ते सावकाश समजावून सांगितलं, रक्तवाहिन्या, पडदा, ऑक्सिजन. मग म्हणाली, ‘तुझं नाही, तिचंही नाही.’ तेवढं मात्र गोष्टीतलंच होतं.

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा विशेष शिक्षिका घरी आल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. दिव्यांगत्वाचं ऑनलाइन कार्ड, आधार, बँकेचं खातं, सगळे कागद त्यांनी स्वतः जमवून दिले. मग त्यांनी विचारलं, ‘शाळा कुठली हवी?’ पुतण्या गोंधळला. 2016च्या कायद्याच्या 31व्या कलमात आहे म्हणाल्या. सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला शेजारच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि निवड त्याची. पुतण्याला वाटत होतं निवासी शाळाच बरी, आत्यासारखी पोरगी पायावर उभी राहील. सगळे बाईकडं पाहायला लागले. ती म्हणाली, ‘मले काहून इचारता? तिले इचारा.’

पोरीनं जराही विचार केला नाही. ‘मले मायजवर झोपाचा आहे.’

बाई उठली, भिंतीला हात लावत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सपरीत कुणी काही बोललं नाही.

तर ती गावातल्या शाळेत जाते. पटावर तिचं नाव आहे. रोज पुकारलं जातं आणि ती ‘हजर’ म्हणते, गरजेपेक्षा जोरात. परिपाठात तिला संविधानाची उद्देशिका पाठ म्हणायला सांगतात, जशी बाईला संध्याकाळची प्रार्थना पाठ होती. मुलगी म्हणून दिव्यांग प्रोत्साहन भत्ता मिळतो, महिन्याला 200 रुपये, दहा महिने. ब्रेलची पाटी फुकट मिळाली. वर्गातली पोरं तिला खेळायला नेतात, पाडतात, उचलतात. याच वर्गात एक मुलगा सिकलसेलचा आहे. हा आजार आमच्या पट्ट्यात घरोघरी. पूर्वी अशा पोराचे हातपाय दुखले की ‘कामचोर’ म्हणायचे. नव्या कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, म्हणून त्याच्या गैरहजेरीला आता कारण आहे, शिक्षा नाही. मिशननं डोळ्यांना दिसणारं अपंगत्व उचलून नेलं. अंगात लपलेलं दुखणं ओळखून त्याला हक्क देणं कायद्यानं केलं. हे लहान काम नाही.

पण मॅडम आठवड्यातून एकदाच येतात. त्यांच्या वाट्याला पुष्कळ गावं आहेत आणि गाडीच्या डिकीत फायली. दोन तास शिकवतात, त्यातला अर्धा तास माहिती भरण्यात जातो. त्या मनापासून करतात, मी बघतो. ‘क’ दोन आठवडे शिकवायला त्यांच्याजवळ दोन आठवडे नाहीत. बाकीचे पाच दिवस वर्गशिक्षक तिला सांगतात, ‘तू ऐक बेटा.’ ती ऐकते. दाराशी बसून ऐकणारी बाई आणि पहिल्या बाकावर बसून ऐकणारी ही, त्या पाच दिवसांपुरतं दोघींत अंतर थोडंच राहतं. ही गोष्ट मला फार खुपते. हक्क गावात आला, पण हातावर हात ठेवून बसणारं माणूस त्याच्यासोबत आलं नाही. आम्हाला ते माणूस घरातच सापडलं हा आमचा योग. पलीकडच्या गावात तसंच लेकरू असेल तर त्याच्या घरी बाई नाही. ब्रेल शिकलेला एक शिक्षक रोज शाळेत हवा, हे मी ग्रामसभेत दोनदा मांडलं, परत मांडणार आहे.

बाई आता 67 वर्षांची आहे. जेवायला बसताना अजून क्षणभर मान खाली घालते, आणि संध्याकाळी तुळशीजवळ दिवाही तीच लावते. दुपारी शाळा सुटली की दोघी सपरीत बसतात. टक, टक, टक. बाईनं पोरीच्या हातावर हात ठेवलेला असतो. गेल्या पंधरवड्यात तिनं तिला पहिल्यांदाच सोडून दिलं, म्हणाली, तुला हवं ते लिही. पोरगी तोंडातल्या तोंडात पुटपुटत टोचत राहिली. कागद काढला, पालथा केला, बाईच्या हातात दिला. मी मागून डोकावलो. वर ‘एकोडी’ होतं, तेराही ठिपके बरोबर. खाली तिनं अंगांची नावं लिहिली होती. नाक. कान. मग ‘डोरा’.

बाईचं बोट ‘र’वर थांबलं. एक, दोन, तीन, पाच. ते बोट परत मागं गेलं, ‘ड’वरून ‘ओ’वर आलं, पुन्हा ‘र’वर. पोरगी म्हणाली, ‘चुकला का व?’

‘नाही,’ बाई म्हणाली. ‘बराबर आहे. फुडं लिव.’